दाबा, धरा, सोडा

एमजी घेतली असं कळवल्यावर सांगलीहून एकच प्रश्न आला, "हेक्टर का ॲस्टर?" दोन्ही नाही, १९७२ची एमजीबी घेतली, दोन सीटची, उघड्या टपाची, असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग थोरल्या साडूंनी, आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात त्या आवाजात विचारलं, "नोकरी-बिकरी ठीक आहे ना?"

त्यांचंही चूक नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एमजी म्हणजे गुजरातेत हालोलला तयार होणारी, नुसतं तोंडाने सांगितलं की सनरूफ उघडणारी गाडी. माझी एमजी इंग्लंडातल्या आमच्या रेडिंगपासून तासाभराच्या आत असलेल्या ॲबिंग्डन गावात, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेत जन्माला आली. १९२९ ते १९८० एमजी तिथेच बनत होत्या. या गाडीला कितीही हाका मारा, काही उघडत नाही. टप उघडायला दोन माणसं लागतात आणि तो मिटायची आठवण व्हायला पाऊस लागतो.

बरं, गाडी दुर्मिळ म्हणावी तर तेही नाही. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांवर निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. उरलेल्या इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत उभ्या आहेत. बॉनेट उघडून गाडी दारात लावली की पाच मिनिटांत कोणीतरी फुटपाथवर थांबतंच. "माझ्याकडेही होती एक," असं म्हणतं. मग रंग सांगतं, मग नंबर सांगतं, आणि शेवटी, "पहिलं मूल झालं आणि विकावी लागली," असं म्हणून सुस्कारा टाकतं. आमच्या शेजारच्या आजोबांनी ही कथा इतक्यांदा सांगितली आहे की आपल्या थोरल्या मुलाबद्दल त्यांच्या मनात अजून थोडी अढी असावी असा मला संशय आहे.

इथल्या सरकारचा या गाड्यांवर विलक्षण लोभ आहे. गाडीने चाळिशी ओलांडली की ती 'ऐतिहासिक' ठरते. रोड टॅक्स माफ होतो, आणि २०१८पासून दरवर्षीची तपासणीही सक्तीची राहिली नाही. ज्या वयात डॉक्टर माणसाला दरवर्षी रक्त-लघवी तपासून घ्या म्हणून मागे लागतात, त्या वयात गाडीला सांगतात, बाई, तुला आता काही दाखवायची गरज नाही. तिचे ब्रेक लागतात की नाही हे बघायची जबाबदारी त्यामुळे सर्वस्वी मालकावर येते. आणि ब्रेक लागत नव्हते.

म्हणजे अगदीच लागत नव्हते असं नाही. पेडल दाबलं की ते आधी बरंच खाली जायचं, मग काहीतरी मऊ लागायचं, आणि मग गाडी विचार करून थांबायची. डाव्या मागच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर पाझरत होता. तो मी बदलला. सिलिंडर बदलायचा म्हणजे नळी सोडवायची, आणि नळी सोडवली की आत हवा शिरलीच. ती हवा बाहेर काढणं, एवढंच काय ते काम. पुस्तकात त्याला पाऊण पान दिलं आहे.

यातलं शास्त्र शाळेतलंच आहे. पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सतराव्या शतकात सांगून ठेवलं की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे जसाच्या तसा पोचतो. तुम्ही पेडलवर पाय ठेवला की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांना सारखंच ढकललं जातं. हे मोटारीत पहिल्यांदा नीट बसवलं ते माल्कम लॉकहीडने. विमानवाले लॉकहीड म्हणतात त्याच घराण्यातला हा भाऊ. १९२१च्या ड्युझेनबर्ग गाडीत हे ब्रेक आले आणि पुढे सगळ्या जगाने उचलले. यात मेख अशी की ऑइल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत कुठेतरी हवेचा एक बुडबुडा राहिला, की तुमच्या पायाचा सगळा जोर तो बुडबुडा खातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

आमच्या सासरी हा नियम पास्कलच्या आधीपासून माहीत असावा. सांगलीत मामींनी एक वाक्य दाबून म्हटलं की त्याचा दाब पुण्यात, ठाण्यात आणि रेडिंगमध्ये एकाच वेळी, तसूभरही कमी न होता जाणवतो. मध्ये हवा कुठेच नाही.

आता अडचण अशी की ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकाशी आडवा होऊन निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, उघडणार. पेडल खाली गेलं की ऑइल आणि हवा बाहेर पडते. मग निपल बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच, आधी नव्हे, पेडल सोडायचं. क्रम चुकला की जेवढी हवा बाहेर आली तेवढीच परत आत ओढली जाते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळा व्यवहार ओरडून. या कामाने मोडलेल्या लग्नांची मोजदाद कुणी केलेली नाही, पण जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र जमले की त्यांच्यात एकटे राहणारे पुष्कळ दिसतात हे मी पाहिलं आहे.

एकट्याने हे काम करण्याची यंत्रंही मिळतात. एक हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप आहे. त्यात निपलच्या आट्यांतून बाहेरचीच हवा येत राहते, आणि बुडबुडे संपता संपत नाहीत. एक स्पेअर टायरच्या हवेवर चालतं. ते मास्टर सिलिंडरच्या तोंडावर बसवायचं आणि टायरच्या दाबाने ऑइल आत ढकलायचं. पन्नास वर्षांच्या सिलिंडरच्या तोंडावर त्याचं झाकण नीट बसलं तर उत्तम. नाही बसलं तर ब्रेक ऑइलचं कारंजं उडतं. आणि ब्रेक ऑइलचा एक गुण असा, की ते रंगाला लागलं की रंग फुगून सालपटासारखा निघून येतो. हा गुण रंग खरवडायचा असतो तेव्हा फार उपयोगी पडतो.

बायकोला विचारायचा प्रश्नच नव्हता. मेघना गेल्या वर्षी एकदा बसली होती. तेव्हा मी खालून "धर" म्हटलं ते तिला "कर" ऐकू आलं, तिने काय केलं ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि त्यानंतर आमचं जे बोलणं झालं त्यात ब्रेकचा उल्लेख फारच थोडा होता.

अशा परिस्थितीत सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आले.

सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्ती ही त्यांना फक्त कागदोपत्री मान्य आहे. हीथ्रोवरून येताना भाड्याच्या टॅक्सीचं क्लच प्लेट किती दिवस टिकेल हे त्यांनी ड्रायव्हरला हातवारे करून सांगितलं होतं. माझी गाडी त्यांनी पहिल्या दिवशी लांबूनच पाहिली. पत्र्यावर बोट फिरवलं, दार उघडून मिटून आवाज ऐकला, आणि "एवढ्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या," असं म्हणून चहाला आत गेले. पण दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना त्यांचं लक्ष पुढच्या मडगार्डवरच्या चौकोनी बिल्ल्याकडे गेलं. ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"निखिलराव, ही लेलँड हाय?"

ती लेलँडच होती. १९६८ साली ब्रिटिश लेलँड नावाची अवाढव्य कंपनी झाली, तिच्या पोटात एमजी होती, आणि सत्तरच्या सुमाराच्या गाड्यांवर तिचे बिल्ले लागले. आपल्या अशोक लेलँडमधलं लेलँड त्याच घरचं, लँकेशायरमधलं. सासऱ्यांचं अख्खं आयुष्य लेलँडच्या चेसीखाली गेलेलं. एवढ्या लांब परमुलखात आपल्या भावकीतलं कोणी भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. "आधी सांगायचं की हो," असं म्हणून त्यांनी फिरायला जायचं रद्द केलं आणि बाह्या वर केल्या.

पण त्यांची एक तात्त्विक अडचण होती. एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा भरतो, टाकीत दाब तयार होतो, तो पुरेसा झाल्याशिवाय बस डेपोबाहेर काढायची नाही. "आम्ही जन्मभर ब्रेकात हवा भरली," ते म्हणाले, "आणि तुम्ही काढायलाय." हे त्यांना शेवटपर्यंत फारसं पटलं नाही.

शनिवारी सकाळी पाऊस नव्हता, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबात मुहूर्तच. सासूबाईंनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं. गाडीचा रंग मोहरीसारखा पिवळा असल्याने हळद कुठे लागली ते कळेना, म्हणून त्यांनी ती पुन्हा वाहिली. मग मी चाक काढायला घेतलं. या गाडीला तारांची चाकं आहेत आणि ती मधल्या एकाच मोठ्या दोन-पंखी नटावर बसतात. त्या नटावर कुठल्या बाजूला फिरवायचं त्याचा बाण ओतलेला असतो, कारण गाडीच्या दोन बाजूंच्या आट्या उलटसुलट आहेत. तो नट पान्याने नाही, हातोड्याने सुटतो, आणि तोही तांब्याच्या डोक्याच्या हातोड्याने, म्हणजे क्रोमला चरे पडत नाहीत.

"तांब्याचा हातोडा?" सासूबाई ओट्यावरून खाली आल्या. त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं. "अगं बाई. यात एक कळशी झाली असती."

गाडी उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची, म्हणजे इथल्या उजव्या हाताच्या गाडीत डावं मागचं. मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचं. सासऱ्यांनी "दहा-अकराचा द्या," असं म्हणून हात पुढे केला. अख्खी गाडी इंचांतली. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, आणि जवळपास बसणारा पाना निपलचे कोपरे गोल करून ठेवतो. मी इंचाचा सेट पुढे केला. त्यावरचे सात-सोळांश, नऊ-सोळांश असले आकडे वाचून ते म्हणाले, "हे काय पाढे म्हणायला दिलेत का?"

निपलवर पारदर्शक नळी चढवायची आणि तिचं दुसरं टोक काचेच्या बरणीत, थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. बुडबुडे दिसतात आणि हवा मागे ओढली जात नाही. स्वयंपाकघरात रिकामी बरणी एकच होती, लिंबाच्या लोणच्याची, सांगलीहून कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेली. ती सासूबाईंनी पुन्हा नेण्यासाठी धुऊन ठेवली होती. त्यांना विचारलं. त्या "घ्या की, बरणीच तर आहे," म्हणाल्या, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांनी ही गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवायचं ठरवलं.

राहिला प्रश्न पेडलचा. सासरे पेडलवर बसायला तयार नव्हते. हेड मेकॅनिक खाली असतो, पेडलवर हेल्पर असतो, हा आगाराचा दंडक. मेघना वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती आणि खिडकीतून हाताने 'आवाज कमी' अशी खूण करत होती. नातीचे पाय पोचत नव्हते, म्हणून ईराला मास्टर सिलिंडरच्या टाकीतली पातळी बघायला बसवलं. पातळी खाली गेली की ओरडायचं, एवढंच काम. उरल्या सासूबाई.

सासूबाईंनी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. पण शिवणयंत्र चालवलं आहे, पायाचं, ब्लाउज आणि परकरांचे ढीग त्यावर शिवले आहेत. नऊवारी घरी कधी नेसत नाहीत, पण पाचवारीच्या निऱ्या गोळा करून त्या खाली इतक्या कमी जागेत, स्टिअरिंगच्या मागे अशा बसल्या की मला पास्कलचाच विसर पडला. पेडलखाली मी लाकडाचा एक ठोकळा सरकवून ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा जातो तेवढाच भाग गुळगुळीत असतो; पुढचा गंजलेला. पेडल थेट तळापर्यंत गेलं की रबरी सील त्या गंजावर घासून फाटतं, आणि हवा काढायला घेतलेलं काम सिलिंडर बदलण्यावर येतं. सासऱ्यांनी ठोकळ्याकडे बघून मान डोलावली. पसंतीची ही पहिली खूण.

आता खरी अडचण. हुकूम द्यायचे होते, आणि ते सासूला द्यायचे होते. मराठी जावयाला सासूला आज्ञा करण्याचा कसलाही सराव नसतो. जावई फार तर "नको, पोट भरलं" म्हणतो आणि तेही कोणी ऐकत नाही. मी गाडीखालून म्हणालो, "आई, जरा दाबता का?"

"काय म्हणालात?"

"पेडल. दाबा."

"दाबलं हो."

मी निपल पाव आटा उघडलं. नळीतून काळपट तपकिरी ऑइल आलं, त्यात बुडबुड्यांची माळ, आणि वरून किंकाळी. "अहो! गेलं! पाय खाली गेला! तुटलं काहीतरी!" आणि घाबरून त्यांनी पाय उचलला. मी निपल बंद करायच्या आत नळीतली माळ उलटी वर चढली.

काही तुटलं नाही, पेडल खालीच जायला हवं, असं समजावलं. त्या म्हणाल्या, "मशीनचा पाय असा गेला की पट्टा तुटलेला असतो." दुसऱ्यांदा जमलं असतं, पण आता सासरे सरसावले. ते चाकाच्या दुसऱ्या बाजूला बसून आगाराच्या आवाजात हुकूम सोडू लागले. "मार पंप! मार! मार! धर दाबून! सोड!" माझं "धरा" आणि त्यांचं "सोड" एकाच वेळी सासूबाईंपर्यंत पोचत होतं. सुदैवाने नवऱ्याचे हुकूम न ऐकण्याची त्यांना संसारभराची सवय. सासऱ्यांचा आवाज त्यांच्या कानांना लागतच नव्हता. माझा लागायचा. त्या दाबायच्या, धरायच्या, आणि मग प्रत्येक वेळी विचारायच्या, "सोडू का?" मी निपल बंद करायचो, "सोडा" म्हणायचो, आणि मगच पाय वर यायचा. एवढी शिस्त मी ऑफिसात पाहिलेली नाही.

बघता बघता लय बसली. दाबा, धरा, सोडू का, सोडा. तपकिरी ऑइल फिकं होत गेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावं म्हणतात. डॉट फोर जातीचं ताजं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरलं की तेच १५५ अंशांना उकळू शकतं, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं की नळीत ऑइलऐवजी वाफ. पायाखाली मग काही राहत नाही. आमच्या रेडिंगातल्या कॅव्हर्शॅमच्या उतारावर राहणाऱ्या माणसाने हे वाचू नये. गाडीच्या आधीच्या मालकाने ते वाचलेलं नसावं, कारण बरणीत जमत होतं त्याचा रंग बघून सासऱ्यांनी "हे राणीच्या राज्याभिषेकाचं दिसायलंय," असा शेरा मारला.

पुढच्या डाव्या चाकावर आलो तोवर दुपार झाली होती. बुडबुडे जवळजवळ थांबलेले. सासऱ्यांनी पान्याच्या मुठीने कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यावर, हलकेच ठोकलं. एक, दोन, तीन. आत कोपऱ्यात चिकटून बसलेला एक टपोरा बुडबुडा सुटला आणि नळीतून डुलत डुलत खाली आला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो बरणीत फुटला तेव्हा सासरे म्हणाले, "हा बघा. हा खरा चोर." आणि त्यांनी मला पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची ही पहिली थाप.

त्याच वेळी पुढून गुळगुळ असा आवाज आला. उन्हाळ्यात टाकी आटल्यावर नळातून येतो तसला.

"ईरा! पातळी!"

ईराने टॅब्लेटवरून मान वर केली, टाकीत डोकावून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "इट्स ऑल गॉन, बाबा."

टाकी कोरडी पडली की मास्टर सिलिंडर थेट हवाच पितो आणि ती चारही नळ्यांत पोचवतो, जसाच्या तसा दाब सगळीकडे. पुन्हा डाव्या मागच्या चाकापासून. यात नातीला कोणी बोलायचं नव्हतं. आजोबांनी उलट मलाच विचारलं, "पोराच्या हातात कशाला द्यायचं असलं काम?"

टाकी भरताना घाईत डबा थोडा कलंडला आणि चार थेंब मडगार्डच्या पत्र्यावर पडले. मी "पाणी!" असं ओरडलो. रंगावर पडलेल्या ब्रेक ऑइलला पाणी हाच उतारा; ते पाण्यात विरघळतं, लगेच धुतलं तर रंग वाचतो. सासूबाई तोपर्यंत पाय मोकळे करायला बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्याजवळ अंगण धुवायची बादली होती. त्यांनी मागचा-पुढचा विचार न करता ती अख्खी ओतली. बरोबर केलं. फक्त टाकीचं झाकण उघडं होतं, आणि पाणी हे ब्रेक ऑइलला रंगाहून जास्त आवडतं. मी मडगार्डवर आडवा पडून टाकी पोटाखाली घेतली. बादलीचं पाणी पत्र्यावर, माझ्या पाठीवर आणि इंजिनच्या बाजूने जाऊन जमिनीवर गेलं. टाकीत एक थेंब गेला नाही. रंगही गेला नाही. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, चहा हवा आहे का.

संध्याकाळपर्यंत चारही चाकांतून स्वच्छ ऑइल यायला लागलं, बुडबुडा औषधाला नाही. पेडल दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट, पण बरंच खाली गेल्यावर. मी निराश होऊन म्हटलं, "अजून हवा आहे कुठेतरी."

सासऱ्यांनी मला बाजूला केलं. पेडल एकदा दाबलं, सोडलं, लगेच पुन्हा दाबलं. दुसऱ्यांदा ते वरच थांबलं.

"हवा नाय हो. हवा असती तर मऊ लागलं असतं. हे घट्ट हाय, पण लांब हाय. मागचे लायनर ड्रमपासून लांब गेल्यात. त्यांना जाऊन टेकायलाच पाय एवढा खाली जातोय." मग गंभीर होऊन, "ही बाई लायनर आपलेआप जवळ घेती का?"

घेत नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला लायनर आतून घासतात. डिस्कला काही करावं लागत नाही, पण मागचे लायनर झिजले की हाताने जवळ घ्यावे लागतात. पाठीमागच्या प्लेटवर एक चौकोनी डोक्याचा बोल्ट असतो, पाव पाव आट्यावर टक्क असा थांबणारा. सासरे जमिनीवर आडवे झाले, वयाला शोभत नव्हतं तरी. हँडब्रेक सोडायला लावला. चौकोनी डोक्यावर पाना लावून फिरवला. टक्क, टक्क, टक्क. चाक हाताने फिरवत राहिले. चाक अडकलं तसा बोल्ट एक टक्क मागे घेतला आणि कान लावून ऐकलं. लायनरचा अगदी बारीक, खर्रर्र असा आवाज. "एवढा राहू दे. हा आवाज म्हणजे जिवंत हाय." दुसऱ्या बाजूलाही तेच. हे करायला त्यांना चहा गार व्हायला लागतो त्याहून कमी वेळ लागला, आणि हे हवा काढण्याच्या आधी करायचं असतं हे त्यांनी मला सांगितलं नाही. फोनवर सांगलीला सांगितलं. मी ऐकलं.

पेडल आता बोटभर खाली जाऊन थांबत होतं.

आधी घरासमोरच चालत्या माणसाच्या वेगाने पुढे-मागे करून ब्रेक तपासले. लागले. मग मोठी चक्कर मारायची ठरली तेव्हा गाडीला दोनच सीट आहेत ही गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांच्या नीट लक्षात आली. माझ्या शेजारी कोण? सासरे बिल्ल्याच्या नात्याने दाराशी उभे राहिले. ईरा "आय डिड द लेव्हल" असं म्हणत होती. वरून मेघना कॉल संपवून आली होती. सासूबाईंनी कुणालाच विचारलं नाही. पदर कमरेला खोचला, डोक्याला शाल गुंडाळली, आणि डावं दार उघडून बसल्या. दिवसभर पेडल कोणी मारलं, असा त्यांचा एकंदर चेहरा होता. सासऱ्यांनी बाहेरून दारावर दोनदा थाप मारली, डबल बेल, आणि म्हणाले, "जाऊ द्या."

कॅव्हर्शॅमचा उतार उतरताना वारा सुटला. पहिल्या सिग्नलला मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, गुपचूप थांबली. बाजूला बघितलं तर सासूबाईंचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर पूर्ण ताणून रुतलेला होता. नजर समोर.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

सिग्नल अजून लाल होता. "थांबा, आई," मी म्हटलं, "धरून ठेवा."